डोळ्यातला घड: ख्रिस्ती स्वभाव कसा घडतो, नव्याने चालू लागलेल्यांसाठी

आमच्या मंडळीत नव्याने येणाऱ्यांबरोबर दर रविवारी उपासनेनंतर मी तासभर बसते. चहा होतो, थोडं वाचन होतं, मग लोक बोलू लागतात. बाप्तिस्मा होऊन सहा-आठ महिने झाले की बहुतेकजण एकच गोष्ट सांगतात. मागच्या पावसाळ्यात ती एका भावाने सांगितली. तो नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. म्हणाला, "ताई, प्रभूला जीवन दिलं, पण राग तसाच आहे. काल घरात पाय टाकल्या टाकल्या पोरावर ओरडलो. बायको म्हणते, मग बदललं काय?"

कोणाचा राग असतो, कोणाचा हेवा, कोणाची खोटं बोलायची सवय. सांगताना माणूस खाली बघतो. त्याला वाटतं, आपला विश्वासच कच्चा आहे. मग तो दात-ओठ खाऊन चांगलं वागायला लागतो आणि तीन आठवड्यांत थकतो, नाहीतर हळूहळू उपासनेला येणंच कमी करतो. या दोन्ही वाटा मी चालून पाहिल्या आहेत, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी द्राक्षबागेत चला

प्रभूने वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री शिष्यांना जो दाखला दिला, तो समजायला नाशिकच्या माणसाला लांब जावं लागत नाही. मी वेल आहे, तुम्ही फाटे आहात, माझ्यामध्ये राहा. योहानाच्या शुभवर्तमानाचा 15 वा अध्याय. त्यात "राहा" हा शब्द किती वेळा येतो ते पेन्सिलीने खूण करत मोजा. "फळ द्यायचा प्रयत्न करा" असं मात्र तिथे एकदाही आलेलं नाही.

माझ्या मामांची दिंडोरी तालुक्यात थॉमसन द्राक्षांची बाग आहे. आपल्याकडे द्राक्षाच्या वर्षात दोन छाटण्या असतात हे तुम्हाला माहीतच असेल. एप्रिलमध्ये खरड छाटणी: ओलांड्यावर, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीवर, एखाद-दुसरा डोळा (कोंब फुटायची जागा) राखून बाकी काडी कापून टाकायची. भर उन्हात बाग उघडीबोडकी होते. मग नवी काडी फुटते, वाढते, पण तिच्यावर त्या हंगामात विकायला एक मणीही नसतो. खत, पाणी, मजुरी, सगळा खर्च चालू आणि हातात काही नाही. मात्र याच काळात, छाटणीनंतर साधारण 40 ते 70 दिवसांत, काडीच्या डोळ्यात पुढचा घड तयार होत असतो. शेतकरी त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. ऑक्टोबर छाटणीनंतर जो घड बाहेर पडतो, तो उन्हाळ्यातच आत तयार झालेला असतो.

एका सप्टेंबरात मामांबरोबर मी काडी तपासणीला गेले होते. छाटणीआधी बागेतल्या काड्या नेऊन प्रयोगशाळेत दाखवतात. तिथल्या मुलीने ब्लेडने एक डोळा चिरला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला म्हणाली, "बघा काकू." बाहेरून काडी वाळक्या काटकीसारखी तपकिरी होती. आत फिकट हिरवी, दवात भिजल्यासारखी एक गाठ होती आणि तिच्यावर बारीक बारीक गोलसर उंचवटे. "हा घड," ती म्हणाली. मामांनी मग दुसरी काडी पुढे केली. ती बांधावरच्या निंबाच्या सावलीतल्या वेलाची होती. तिच्या डोळ्यात घड नव्हता, बाळी होती. वेलाला आधार धरायला जो तंतू फुटतो ना, ती बाळी. ऊन पोचलं नाही की त्या जागी घडाऐवजी बाळी होते. काडी तीच, पाणी तेच, खतही तेच.

मी परतीच्या वाटेवर गाडीत गप्पच होते. इतकी वर्षं मी घड ओढून बाहेर काढायच्या मागे होते आणि डोळ्याला ऊन मिळतंय का, हे कधी पाहिलंच नव्हतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या उन्हाच्या, म्हणजे प्रभूजवळ राहण्याच्या आहेत.

पहिली पायरी: वेळ आणि जागा ठरवा

ही पायरी सगळ्यांना फार साधी वाटते आणि सगळे इथेच घसरतात. "वेळ मिळेल तशी प्रार्थना करते" असं म्हणणाऱ्या बहिणीला चौथ्या दिवसापासून वेळ मिळत नाही. मार्काच्या पहिल्या अध्यायात प्रभू स्वतः पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात जातो. आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दाराशी जमलं होतं, म्हणजे दमलेलाच असणार.

सुरुवातीला 15 मिनिटं पुरेत. तासभर ठरवू नका, मोडेल. तुमच्या दिवसात जे आधीपासून पक्कं आहे, त्याला ही वेळ जोडा. आमच्यातला एकजण मुंबईला रोज पंचवटी एक्सप्रेसने जातो. नाशिक रोड सुटलं की घोटी येईपर्यंतचा वेळ त्याने प्रभूला दिला आहे, मग पत्ते खेळणाऱ्या मित्रांत जाऊन बसतो. प्रेसमध्ये रात्रपाळी करणाऱ्या एका काकांची वेळ सकाळी घरी आल्यावर, अंघोळीनंतरची. एक बहीण कुकर लावते आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसते. तीन शिट्ट्या झाल्या तरी उठत नाही, गॅस बंद करून परत बसते.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पवित्र शास्त्र फोनमध्ये असेल तरी सुरुवातीचे काही महिने छापील प्रत वापरा, असं मी आग्रहाने सांगते. वाचता वाचता वर एखादा निरोप झळकला की मन गेलंच.

घरात तुम्ही एकटेच विश्वासात आला असाल तर इथे जपून. आई देवघरात दिवा लावत असताना मोठ्या आवाजात गीत लावणं ही साक्ष होत नाही. खोलीत जा, दार लाव, गुप्तपणे बघणाऱ्या पित्याला हाक मार, असं प्रभूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितलं आहे. वेगळी खोली नसेल तर गच्ची आहे, गोदाकाठ आहे, सकाळचा गंगापूर रोड आहे. चालत चालत प्रार्थना होते. घरच्यांना तुमची प्रार्थना दिसली नाही तरी चालेल. तुमचं त्यांच्याशी बोलणं त्यांना रोज ऐकू येतंच.

दुसरी पायरी: प्रभू कसा वागतो ते वाचा

नवीन माणूस उत्पत्तीपासून सुरुवात करतो, निर्गमाच्या मध्यावर दमतो आणि लेवीयात पुस्तक मिटवतो. तुम्ही मार्कापासून सुरू करा. 16 अध्याय आहेत. रोज एक वाचला तर पंधरवड्यात संपेल, पण माझं ऐकाल तर रोज एकच प्रसंग घ्या आणि दोन महिने लागू द्या. हळू आवाजात, ओठ हलवत वाचा. जुन्या भाषांतराची मराठी जड वाटली तर सोप्या मराठीतली प्रत घ्या, त्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून शास्त्र सोप्या मराठीत आणण्यात घालवली, ती खेड्यातल्या बायकांना कळावं म्हणूनच.

वाचताना सुरुवातीला एकच प्रश्न मनात ठेवा: इथे प्रभू या माणसाशी कसा वागला? आंधळा बर्तीमय रस्त्याच्या कडेला ओरडतोय, लोक त्याला गप्प करतायत, आणि यरुशलेमला निघालेला प्रभू थांबतो. मग त्या आंधळ्यालाच विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? एवढ्या घाईत तो थांबला आणि त्याने विचारलं. मी हा प्रसंग एकदा सलग चार दिवस वाचला होता. पाचव्या दिवशी आमच्या सोसायटीतल्या कचरा उचलणाऱ्या मावशी जिन्यात काहीतरी सांगत होत्या, आणि मी पायरीवर थांबले. एरवी मी "हो हो" म्हणत पुढे गेले असते. थांबायचं मी ठरवलं नव्हतं. पाय थांबले.

वहीत रोज एक ओळ लिहा, तारीख टाकून. सुंदर लिहायचं नाही, त्या दिवशी जे टोचलं किंवा आवडलं ते. तीन महिन्यांनी ही वही फार उपयोगी पडते.

तिसरी पायरी: आपल्या बोलीत बोला

सभेतल्या मोठ्या प्रार्थना ऐकून नवी माणसं घाबरतात. "मला तसं येत नाही." तसं यायची गरज नाही. आईशी ज्या भाषेत बोलता तीच भाषा घ्या. अहिराणीत बोलत असाल तर अहिराणीत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत. प्रभूची भजनं त्यांनी अभंगाच्या चालीत, आपल्या मातीच्या मराठीत रचली. आपल्या मंडळ्यांत ती आजही गातात. देवाशी बोलायला मराठी पुरते.

खरं बोला. "हे प्रभू, मला सहनशील कर" यापेक्षा "प्रभू, दुपारी वन्संचा फोन आला आणि मला तिचा आवाजही नको झाला" ही प्रार्थना जास्त खोल जाते. स्तोत्रकर्त्यांनी तर याहून कडक बोलून ठेवलं आहे. शब्द सुचत नसतील त्या दिवशी 150 स्तोत्रांतलं एखादं वाचा आणि तेच आपलं म्हणून म्हणा. 139 व्या स्तोत्राच्या शेवटच्या दोन ओवींपासून सुरुवात करायला हरकत नाही: देवा, मला पारखून बघ, माझं मन जाण. बोलून झाल्यावर लगेच उठू नका. दोन मिनिटं गप्प बसा. काही ऐकू यायलाच हवं असं नाही. उन्हात बसल्यावर ऊन काही बोलत नाही.

चौथी पायरी: एक गुण, एक माणूस, एक आठवडा

गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याचं फळ सांगितलं आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. गुण नऊ, पण पौलाने लिहिलंय "फळ", एकवचनी. एका घडाचे मणी म्हणा. म्हणून नवांची यादी भिंतीला लावून रोज टिक करत बसू नका. एक हलवला की बाकीचे हलतात.

आठवड्यासाठी एक गुण घ्या, आणि तो कोणाच्या बाबतीत घ्यायचा त्या माणसाचं नाव घ्या. "सौम्यता" म्हटलं तर ती हवेत राहते. "सासूबाई औषधाची वेळ चौथ्यांदा विचारतील तेव्हाची सौम्यता" म्हटलं की ती घरात येते. मग तो प्रसंग नेमका कुठे, किती वाजता घडतो ते बघा, आणि त्याच्या एक पाऊल आधी प्रभूशी बोलायला एक खूण ठेवा.

अंबडच्या त्या भावाशी आम्ही हेच शोधत बसलो. तो कामावर ओरडत नाही, रस्त्यातही नाही. ओरडतो ते दार उघडल्यावर, पहिल्या दोन मिनिटांत: सायकल आडवी पडलेली, दप्तर पसरलेलं, टीव्ही चालू. म्हणून त्याने ठरवलं की दाराबाहेर बूट खाली बसून काढायचे, उभ्याने पाय झटकून नाही. एका बुटाला "प्रभू, तू आत चल" आणि दुसऱ्या बुटाला "मी मागून येतो". पहिल्या आठवड्यात पाच दिवस विसरला. त्याने ते येऊन सांगितलं, हे मला महत्त्वाचं वाटलं.

पाचवी पायरी: चूक झाली की त्याच दिवशी

चूक होणार. एक माझी सांगते. मी तेव्हा सातपूरला एका छोट्या पॅकिंग युनिटमध्ये सुपरवायझर होते. एका मुलीने चाळीस खोक्यांवर चुकीचे स्टिकर लावले. गाडी दारात उभी होती. मी सगळ्यांसमोर तिला बोलले, नको ते बोलले, तिच्या शिक्षणावर गेले. ती काही बोलली नाही. नखाने एकेक स्टिकर खरवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचायला बसले तर काही केल्या वाचवेना. वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, हे प्रभूचं वचन मला पाठ होतं. मी तिला चहाच्या वेळी बाजूला घेऊन सॉरी म्हणायचं ठरवलं. आमच्या पाळकांच्या पत्नींना फोनवर ते सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "बोललात कुठे? सगळ्यांसमोर ना?" तेवढंच.

मी त्याच टेबलाशी, त्याच बायकांसमोर तिची माफी मागितली. हात थरथरत होते. ती फक्त "बरं मॅडम" म्हणाली आणि कामाला लागली. माफी मागितल्यावर समोरच्याने गळ्यात पडावं अशी अपेक्षा ठेवू नका. दोन गोष्टी तेव्हापासून मी सगळ्या नव्या लोकांना सांगते. अपमान जिथे केला तिथेच माफी मागा. आणि माफीच्या वाक्यात "पण" येऊ देऊ नका. "मी चुकले, पण गाडी उभी होती" यात माफी उरत नाही. पैशाचा व्यवहार असेल तर पैसे परत करा. प्रभूला भेटल्यावर जकातदार जक्कयाने चौपट परत करतो म्हटलं होतं, तुम्ही निदान मुद्दल तरी द्या.

देवाकडे कबुली दिली की त्या पापावरून स्वतःला रात्रभर झोडपत बसू नका. पहिल्या योहानाच्या पहिल्या अध्यायात क्षमेचं वचन आहे. त्यावर टेकून झोपा.

माणसांची सोबत

याबद्दल थोडक्यात. दर रविवारी उपासना चुकवू नका, आणि त्याशिवाय आठवड्यात एकदा भेटणारा एक माणूस शोधा. बहिणींनी बहीण, भावांनी भाऊ, शक्यतो तुमच्याहून दहा-वीस वर्षं जास्त चाललेला. कॅथलिक असाल तर पापनिवेदनाची, म्हणजे धर्मगुरूंपुढे कबुली देण्याची, सोय आहेच, तिचा नियमित उपयोग करा. फेब्रुवारीत नाशिक रोडला बाळ येशूच्या यात्रेला दूरदूरहून भाविक येतात, आपल्या मंडळ्यांत उज्जीवन सभा होतात. जरूर जा, पण सभेतल्या भरून आलेल्या मनाला सोमवारी सकाळची 15 मिनिटं लागतातच.

आणि एक सावधगिरी. कोणी "देवाने मला तुझ्याविषयी सांगितलंय" म्हणून पैसे मागू लागला, घरच्यांशी संबंध तोडायला सांगू लागला, किंवा तुमची कबुली चारचौघांत बोलू लागला, तर त्याच्यापासून दूर व्हा. नवा विश्वासी मऊ मातीसारखा असतो, कोणाचाही ठसा पटकन उमटतो.

काही दिसत नाही तेव्हा

चौथ्या-पाचव्या महिन्यात एक कोरडा काळ येतो. वाचलेलं लागत नाही, प्रार्थना छताला लागून परत येते. त्यातच घरात आजारपण येतं किंवा नोकरी जाते. माणूस विचारतो, जवळ आलो तर हे का? योहानाच्या त्याच अध्यायात आहे की जो फाटा फळ देतो त्यालाच बाप अधिक फळासाठी साफसूफ करतो. प्रत्येक दुःख देवाने पाठवलेली छाटणी असते असं मी म्हणणार नाही. कोणाच्या दारात मृत्यू झाला असताना तर हे वाक्य तोंडातून काढूच नका. पण त्या उघड्याबोडक्या महिन्यांत डोळ्यात काही घडत असतं, हे मी पाहिलं आहे.

रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपल्या जिल्ह्यातल्या, जलालपूरच्या. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला 1895 मध्ये, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या पाच वर्षांत ताटातूट, हाल, लोकांचं बोलणं. सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या त्या बाईच्या मनातली जातीची भिंत मात्र बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडायच्या आधीच पडली होती.

आणि शरणपूर. आपण रोज त्या रस्त्याने जातो. विल्यम प्राइस या मिशनऱ्याने 1854 मध्ये ती वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे वाढली, शाळा आणि हातकाम शिकली. त्यांतला एक जेकब वेनराइट. पुढे तो आफ्रिकेत मिशनरी आणि शोधक प्रवासी डॉ. लिव्हिंगस्टन यांच्या तुकडीत गेला. 1873 च्या मे महिन्यात लिव्हिंगस्टन वारले तेव्हा त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली आणि खोडावर नाव कोरलं. मग तो आणि त्याचे सोबती ते शव सुमारे नऊ महिने वाहत समुद्रकिनाऱ्यापर्यंत घेऊन आले. वाटेत ते टाकून द्यायला त्यांना कोणी अडवलं नसतं. शरणपूरच्या शाळेत रोजची प्रार्थना म्हणणाऱ्या त्या पोराकडे बघून हे कोणाला सांगता आलं असतं?

तीन महिन्यांनी वही उघडा

तीन महिने झाले की वहीतल्या ओळी पहिल्यापासून वाचा. मग घरातल्या एका माणसाला विचारा, "माझ्यात काही फरक वाटतो का?" स्वतःच स्वतःला विचारू नका, आपण एक तर फार फुगवून सांगतो किंवा फार पाडून. उत्तर काहीही आलं तरी वाद घालायचा नाही. ऐकायचं, आणि दुसऱ्या दिवशीच्या 15 मिनिटांत ते प्रभूपुढे ठेवायचं.

अंबडच्या भावाने दिवाळीनंतर विचारलं. बायकोला नाही, आठ वर्षांच्या पोराला. पोराने थोडा विचार केला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही आता दाराबाहेर खूप वेळ बूट काढता. मला आतून ऐकू येतं. मग मी सायकल उचलतो."